कापराच्या रेणूचे सत्तावीस नग

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
राज्य सीमा तपासणी नाका,
नागपूर-सौंसर मार्ग.

विषय : कै. कु. प्रतिभा हिने केलेली लाकडी प्रतिकृती एकच नग समजून परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या नाक्याची जप्तीची पावती, नोव्हेंबर १९५६.

महोदय,

अर्जदार सौंसर येथील निवृत्त शिक्षक असून त्याची कन्या प्रतिभा नागपुरास रसायनशास्त्र शिकत असता विषमज्वराने वारली. कापराच्या एका रेणूचा आकार कसा आणि त्याला बाहेरून पृष्ठभाग किती, हे ती काढीत होती. त्यासाठी तिने सत्तावीस अणूंचे सत्तावीस लाकडी गोळे रंगवून, बाजू तासून, एकमेकांत बसवून सरसाने चिकटवले होते. तेरवीला ती प्रतिकृती तिच्या पानाशेजारी ठेवावी, अशी तिच्या आईची इच्छा.

अर्जदार ती मांडीवर घेऊन मोटारीने घरी येत होता. नागपूर आणि सौंसर कालपरवापर्यंत एकाच राज्यात होते, या रस्त्यावर नाका नव्हता. रंगीत लाकडी मालाची नोंद पृष्ठफळावर होते, सबब पृष्ठफळ सांगा, असे आपल्या कारकुनांनी फर्मावले व सर्व गोळ्यांची बेरीज मांडली. अर्जदार पडला शिक्षक, त्याला गप्प बसवेना. गोळे जिथे एकमेकांत शिरले आहेत तेवढा भाग वजा करावा लागेल, असे त्याने समजावले. तो किती, हेच मुलीचे काढायचे राहिले होते. तेव्हा मोजणीसाठी शिपाई चिंधू याजकडून सगळे सांधे करवतीने उघडवण्यात आले. "गुरुजी, मी काय करू, सायबाचा हुकूम पाळून राहिलो," असे म्हणत तो रडत होता, हेही नमूद करणे न्यायाचे आहे.

आता आपले कार्यालय म्हणते की माल सत्तावीस नग आहे. मूळ आकार एकच होता, हे बनवणाऱ्याने समक्ष येऊन जोडून दाखवावे. महोदय, बनवणारी आणावी कुठून? तेरवी होऊन गेली. पानाशेजारची जागा रिकामीच राहिली आणि तिची आई त्या दिवसापासून पोटभर जेवलेली नाही.

तरी विनंती की, कापलेल्या तोंडांचे पृष्ठफळ हिशेबात धरू नये. त्या जागा एकमेकींना लागून होत्या, तिथे कधी हवासुद्धा लागली नव्हती. गोळे असतील तसे, भुशासकट द्यावेत. कोणता कोणाशेजारी होता, हे अर्जदारास सांगता येणार नाही. तिची आई ते सगळे एका फडक्यात बांधील, म्हणजे नग एकच होईल.

आपल्या दाराशी पुन्हा येण्यास तयार असलेला नम्र अर्जदार,
रघुनाथ भगवंतराव काळबांडे
सौंसर, जि. छिंदवाडा
दि. १७ डिसेंबर १९५६

सोबत :
१) जप्तीची पावती.
२) प्रतिभाच्या मृत्यूचा दाखला.
३) कापराची एक वडी, नमुन्यादाखल. उघडी राहिली तर उडून जाते. आपल्या हाती पडेल तेव्हा जेवढी उरली असेल तेवढी मोजावी.