नदी गोठेपर्यंत

११ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा. न्यू उल्म, मिनेसोटा. गावात मराठी माणूस एकच, तो म्हणजे मी. न्यू जर्सीत, पार्सिपनीत दोन खोल्या आणि डोक्यावर वरच्या बिऱ्हाडाची ट्रेडमिल असायची. इथे अख्खं घर मिळालंय. मागच्या खिडकीतून उतार दिसतो, खाली कॉटनवूडची झाडं आणि त्यांच्यापलीकडे मिनेसोटा नदी.

काम चीजच्या कारखान्यात, गार करायच्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. शिफ्ट सहा ते दोन, म्हणजे दुपार मोकळी. कारखान्याचं वापरलेलं कोमट पाणी माझ्या घराच्या थोडं डावीकडे, एका पाइपातून नदीत सुटतं. त्यामुळे घरी बसूनही ऑफिस दिसतं, असा मी इथल्या साहेबाला विनोद केला. तो हसला नाही.

मिसळणाचा डबा लावला, कुकर काढला, आईला व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवलं. ती खूष. मागे धाकटा भाऊ शैलेंद्र बसला होता, त्याने हात हलवला. नेट जातंय असं सांगून मी फोन ठेवला. नेट उत्तम आहे.

१८ ऑक्टोबर

टेकडीवर जाऊन पुतळा पाहिला. शिरस्त्राणाला पंख, हातात उगारलेली तलवार, आत गोल जिना. लॉइस नावाच्या आजीबाई तिथे तिकीट फाडतात. गिऱ्हाईक मी एकटाच होतो, तेव्हा त्यांनी मला पुरतं धरलं.

हा हर्मन, रोमन लोक याला आर्मिनियस म्हणत. जर्मन टोळीच्या सरदाराचा मुलगा, पण रोमन फौजेत अधिकारी झाला, रोमन सुभेदाराच्या पंगतीला बसायचा. एक दिवस त्याने सुभेदाराला सांगितलं की पुढे बंड झालंय, या बाजूने चला. सुभेदाराने शंकासुद्धा घेतली नाही. जंगल आणि दलदल यांच्यामध्ये रोमच्या तीन पलटणी कापल्या गेल्या. इथल्या जर्मन लोकांनी अमेरिकेत येऊन त्याचाच पुतळा उभारला.

मी विचारलं, घरचं कोणी रोमकडे राहिलं नाही का? लॉइस म्हणाल्या, सख्खा भाऊ, फ्लावस. रोमची चाकरी करताना त्याचा एक डोळा गेला. पुढे वेझर नदीच्या दोन काठांवर दोघं भाऊ समोरासमोर आले. हर्मनने ओरडून विचारलं, डोळ्याच्या बदल्यात काय मिळालं? तो म्हणाला, पगारवाढ, गळ्यातली साखळी, मुकुट. हर्मन हसला. मध्ये नदी होती म्हणून, नाहीतर एकमेकांचा जीव घेतला असता.

पगारवाढ आणि सर्टिफिकेट. दोन हजार वर्षांत फार फरक पडलेला नाही, मी म्हणालो. घरी येताना मात्र हसू येत नव्हतं.

२६ ऑक्टोबर

शैलेंद्रचा मेसेज. 'दादा, वकील म्हणतो तू दोन ओळी लिहून दिल्यास तर माझं नाव क्लिअर होईल. घाई नाही यार, जमेल तेव्हा.'

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. त्याला पार्सिपनीत माझ्याच कंपनीत लावताना त्याच्या रेझ्युमेत तीन वर्षांचा खोटा अनुभव मी घातला होता. सगळेच घालतात. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, गप्प बस, दादा आहे ना. एप्रिलमध्ये कंपनीत चौकशी लागली. मला एकट्याला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि मी सांगितलं की हे त्याने परस्पर केलं, मला काही ठाऊक नव्हतं. सही केली. जूनमध्ये तो नागपूरला परत गेला. विमानतळावर माझ्या पाया पडला. आईलाही त्याने अजून काही सांगितलेलं नाही.

दोन ओळी लिहिल्या तर माझं ग्रीन कार्ड जातं. बघू, दिवाळीचा फराळ संपू दे.

५ नोव्हेंबर

दुपारी चारच्या सुमारास पलीकडच्या काठावर एक माणूस उभा होता. गळ टाकणारा असेल असं वाटलं, पण गळ नव्हता. अंगात पातळ सदरा. इथे थंडीने दात वाजतायत. डोळ्यात कचरा गेला होता म्हणून मी उजवा डोळा चोळत होतो. हात काढून पाहिलं तर कोणी नाही.

१२ नोव्हेंबर

रोज चारला येतो. आज नीट तपासलं, शेवटी इंजिनियर माणूस. दोन्ही डोळे उघडे असले तर काठ रिकामा. उजवा मिटला की तो उभा. डाव्या डोळ्याने बाकी सगळं धूसर दिसतं, तो एकटा स्वच्छ.

डॉक्टर म्हणाली, डोळ्यात दोष नाही.

१९ नोव्हेंबर

आज तो ओरडला. मराठीत. दादा, काय मिळालं?

आवाज ओळखीचा होता, आणि त्यात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं तसा विचारत होता. मी खिडकी उघडली आणि, लाज वाटते लिहायला, मोजून सांगितलं. घर. होंडा. बढती. ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकलीय. ओरडून ओरडून घसा बसला.

तो हसला नाही. बरं झालं, म्हणाला.

हसला असता तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर

आईचा फोन. शैलेंद्रच्या पायांना काहीतरी झालंय. पहाटे उठतो तेव्हा तळवे निळे, गार, बोटांत चिखल. दार आतून बंद असतं. डॉक्टरांनाही कळेना. त्याला एकच स्वप्न पडतं, म्हणाली. मोठी नदी आहे, पलीकडे दादाचं घर आहे.

इथे दुपारचे चार, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन. मी हिशेब दोनदा केला.

म्हणजे तो भास नाही. तोच आहे. झोपेत इथवर येतो आणि माझ्यासाठी उभा राहतो. त्याला माझ्याकडून दोन ओळींशिवाय काही नको आहे. लॅपटॉप उघडला, त्याचं नाव लिहिलं, मिटला. मी भित्रा आहे. लहानपणापासून तो मला शूर समजतो.

२ डिसेंबर

काठाकाठाने बर्फ धरलाय. लॉइस दुकानात भेटल्या. नदीच्या बर्फाचा भरवसा नसतो, खालून पाणी वाहतं, म्हणाल्या. आणि पाइपापाशी तर अजिबात नको, तिथे वरून पांढरं दिसतं आणि खाली काहीच नसतं. मी म्हणालो, माहीत आहे. माझंच पाणी आहे ते.

आज तो पाण्यात घोट्यापर्यंत उतरला होता.

६ डिसेंबर

नदी गोठली. दोन्ही काठ जोडले गेले.

तो चार पावलं पुढे आला. पाऊल टेकवून बघतो, मग पुढचं टाकतो. मला भीती वाटते. तो मारेल याची नाही. दाराशी येईल, चपला काढेल, आणि काही न मागता बसेल. मग मी काय करू?

८ डिसेंबर

निम्म्यात आलाय. उद्या परवा पोचेल.

आई म्हणाली, आता गुडघ्यापर्यंत निळा. तू त्याच्याशी एकदा बोल, तुझं तो ऐकतो.

माझं तो ऐकतो.

९ डिसेंबर

परत जा म्हणून ओरडलो. ऐकू गेलं नाही. वारा होता. किंवा मी पुरेसं मोठ्याने —

डावा डोळा दुखतो. आज रात्री लिहितो त्या दोन ओळी. नक्की.

१० डिसेंबर

लिहिल्या नाहीत.

११ डिसेंबर

३.५० — मधोमध थांबलाय. पुढे भेग असावी. विचारतोय, दादा, कुठून येऊ?

हात वर केला. डावीकडे. पाइपाकडे. मी केला. दुसऱ्या कोणी नाही, मीच —

तो लगेच वळला. क्षणभरही थांबला नाही. दादाने सांगितलं म्हणून —

आवाज फार मोठा झाला नाही.

४.०५ — डावा डोळा काळा. काहीच दिसत नाही त्याने. उजव्याने पाहिलं. पाइपापाशी भोक. वाफ.

दोन ओळी लिहिल्या. वकिलाला पाठवल्या. कंपनीलाही. चार मिनिटं लागली. एवढंच होतं. चार मिनिटं —

फोन वाजतोय. आई. तिकडे पहाटेचे पावणेचार. ती या वेळी कधीच —

थांबला. पुन्हा वाजतोय.

उचलतो. सांगतो तिला. आई, त्याचा काही दोष नव्हता, मीच त्याला —