खिळ्यावरची बांगडी

मामंजी, मी बोलतेय, तुमची सून. लिहितेय म्हणणार होते, पण लिहिणारी माझी नात आहे. मी पलंगावर बसून सुपारी कातरतेय आणि तोंड चालवतेय. तुम्हाला वाचता यायचं, मला कधी आलं नाही. आता तुम्हाला वाचता येत नाही आणि मला अजून लिहिता येत नाही, म्हणजे फिट्टंफाट झाली. घरात असताना तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर सावरण्यातच माझा निम्मा जन्म गेला. आज पदर खांद्यावर आहे, आणि जे बोलायचं ते बोलणार आहे.

ही नात पूर्णा गावच्या गोदामात कामाला जाते. पावसात फोनची रेंज जाते, म्हणून तिने आणि तिथल्या पोरींनी काड्यापेटीएवढी रेडिओची यंत्रं आणलीत. एक गोदामाच्या पत्र्यावर, एक आमच्या बिल्डिंगच्या टाकीवर, एक काल्हेरला तिच्या मावशीकडे. काल्हेरचं बोलणं इथवर पोचत नाही, तर मधलं पूर्णाचं यंत्र ऐकतं आणि पुढे ढकलतं. परवा तिने फोनवर नकाशा दाखवला. त्यावर हिरवे ठिपके. कोण जागं आहे, कोणाची बॅटरी उतरलीय, कोणाचं कोण ऐकतंय, सगळं बसल्या जागी दिसतं. "आजी, भारी आहे ना?" मी म्हटलं, "भारी कसलं? हेच माझ्या सासऱ्याने कासाराच्या बांगड्यांवर चालवलं होतं." ती हसली. मी हसले नाही, तेव्हा ती थांबली.

तुमची ती वायरलेसची खोली मला अजून वासासकट आठवते. बॅटरीच्या पाण्याचा वास, ओल्या छत्र्यांचा, आणि तुमच्या तंबाखूचा. भिंतीवर पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनची रेघ रंगवलेली, आणि जिथे जिथे पहारेकऱ्याची चौकी तिथे खिळा. पाणीखात्याच्या साहेबांनी आधी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या दमट हवेत गळून पडल्या. मग तुम्ही बाजारातल्या कासाराकडून उरल्यासुरल्या हिरव्या बांगड्या आणल्या. चौकीने हाजरीला ओ दिली की बांगडी खिळ्यावर. ओ नाही दिली की बांगडी उतरवून डब्यात. पडघ्याचं काल्हेरला ऐकू जायचं नाही, काल्हेरचं आपल्याला नाही. पूर्णाचा माणूस मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचा. तुम्ही त्याला म्हणायचात, "तू पाइपलाइनीची नणंद हायेस रं."

एकदा डबा घेऊन आले होते तेव्हा एक बांगडी वाकडी लटकलेली दिसली, म्हणून मी सरळ करायला गेले. केवढ्याने ओरडलात! "हात लावू नको! त्या खिळ्यावर जे दिसतं त्याच्यावर मानसं धावतात." सगळ्यांसमोर. मी रडत घरी गेले. संध्याकाळी तुम्ही भजी आणलीत आणि कोणासाठी ते बोलला नाहीत. ताट मात्र माझ्याकडे सरकवलंत.

त्या दिवशीही मी डबाच घेऊन आलेय. पाऊस आदल्या दिवसापासून थांबलेला नाही, आणि खाडीला उधाण. कडेवर पोर आहे, या नातीचा बाप. तुमचा मुलगा काल्हेरच्या चौकीवर ड्युटीला आहे, अगदी खाडीच्या तोंडाशी. पडघ्याची बांगडी सकाळपासून डब्यात पडलीय. तुम्ही हाजरी घेताय. पूर्णाचा आवाज येतो, घरघरत. "मामा, काल्हेर बोलत न्हाय. मगाशी पन न्हाय बोलला. ओव्हर."

तुम्ही उठता. हात खिळ्याकडे जातो. बांगडीला बोटं लागतात. आणि तुम्ही वळून माझ्याकडे बघता. माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडे, कपाळाकडे, मग पोराकडे. सुनेच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याच्या नावची हिरवी बांगडी कुठला सासरा उतरवील? हात खाली येतो. "लागंल आता," तुम्ही म्हणता, "बॅटरी भिजली आसंल." माझा जीव भांड्यात पडतो. तुम्ही कानाला हेडफोन चढवून पुन्हा बसता, पाठ दाराकडे. काल्हेर, काल्हेर, काल्हेर.

तेवढ्यात साहेब भिजत आत आले. गाडी एकच होती, तिच्यात दोर आणि ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा. त्यांनी भिंतीकडे बघितलं. "पडघा गप्प आहे ना? बाकी सगळे ठीक. गाडी पडघ्याला काढा." ड्रायव्हर म्हणाला, "जी साब," आणि गेला. तुमच्या कानात नुसती खरखर. मला तर काय कळणार, गाडी कुठे गेली आणि का गेली? साहेबांपुढे तोंड उघडायची रीत नव्हती, आणि खिळ्यावर बांगडी होती.

तुम्ही हेडफोन काढलात तेव्हा गाडी नाक्याच्या पुढे गेली होती. तुम्ही पावसात धावलात, तसेच अनवाणी. मग परत येऊन पडघ्याला हाका मारत राहिलात, गाडी पोचली की उलटी फिरवा म्हणून. पण पडघ्याची तर एरियलच वाऱ्याने मोडली होती. ऐकणार कोण? गाडी पोचली तेव्हा तिथला चौकीदार स्टोव्हवर चहा ठेवून बसला होता, कोरडा ठणठणीत.

काल्हेरच्या लोकांनी नंतर सांगितलं, हे चौकीच्या छपरावर चढले होते. सदरा काढून हलवत होते. लोक बांधावर उभे होते, पण मधल्या ओढीत उतरायची कोणाची छाती नव्हती. सरकारी गाडी येईल, दोर आणील, म्हणून सगळे वाट बघत होते. हेही तीच वाट बघत असणार. उजेड होता तोवर सदरा हलताना दिसत होता. दुसऱ्या दिवशी खाजणाच्या चिखलात सापडले.

माझ्या बांगड्या बायकांनी उतरवल्या. तुम्ही तुमच्या भिंतीवरच्या उतरवल्यात, सगळ्याच. त्यांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं अडकवलीत, भोकं पाडून. कोणी विचारलं तर म्हणायचात, "बांगड्या वाजतात, ऐकू येत न्हाय." मग साहेबांच्या पाया पडून मला तिथेच झाडूपाण्याला लावलंत. दुपारी खोली रिकामी असली की सेट माझ्यासमोर सरकवायचात. "दाब. बोल. सोड. ऐक." पुढे पूर्णाचा माणूस मला वहिनी म्हणून ओ द्यायला लागला. तुमच्याकडून मिळालेलं एवढंच, पण ते त्या काळात कुठल्या सासऱ्याने सुनेला दिलं होतं?

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. पेज भरवत होते तेव्हा तुम्ही चमचा अडवून विचारलंत, "पोरी, मनात राग हाय?" आयुष्यात पहिल्यांदा पोरी म्हणालात. मी म्हटलं, "न्हाय मामंजी. प्या." होता, मामंजी. पेज गरम होती आणि तुम्ही मरत होतात, म्हणून नाही म्हटलं. कधी वाटायचं, तेव्हा मी डबा घेऊन आलेच नसते तर तुम्ही झटकन उतरवली असती. कधी वाटायचं, बांगडी होती कासाराची, दीडदमडीची, तिला एवढं भ्यायचं? आणि दोन्ही वेळा पेज भरवायचं काही चुकलं नाही.

परवा मी नातीला विचारलं, "यंत्र गप्प झालं तर हिरवा ठिपका कोण काढतो?"

"कोणी नाही गं. आपोआप राखाडी होतो."

"कोणाच्या तोंडाकडे बघत नाही?"

"कोणाच्या बघणार?"

बरं आहे. यंत्राला सून नसते.

नात विचारतेय, हे ठेवायचं कुठे. म्हटलं, गादीखाली ठेव, टपालवाला देवाघरी जात नाही. आता एक राहिलं, तेवढं सांगते आणि गप्प होते. तिने एक यंत्र माझ्याही बटव्यात घातलंय, मी देवळात जाते तेव्हा ठिपका दिसावा म्हणून. मामंजी, मी मधूनच त्याचं बटण बंद करते. मग पायरीवर बसते आणि रस्त्याकडे बघत राहते. परवा ही चप्पल हातात घेऊन धावत आली, धापा टाकत, आणि मी म्हटलं, बॅटरी भिजली असेल.

बघा, लिहायची थांबली. लिही गं, लिही. रागाव मग.