फेनेलासाठी कमी धक्क्याची रायफल

२ फेब्रुवारी, रविवार
डनीडनहून फेनेलाचा फोन. तिची आई आणि मी वेगळे झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, मुलीनं स्वतःहून फोन केल्याची ही तिसरी वेळ. बंदुकीचं लायसन्स मिळालं म्हणाली. म्हणाली, बाबा, एप्रिलमध्ये हरणांचे नर माजावर येतात तेव्हा मला डोंगरात ने ना. मेमध्ये मी पर्थला चाललेय नोकरीला, मग परत कधी जमेल कोण जाणे.
नेतो म्हणालो. आवाज जरा बसला होता. सर्दी.
नेमबाजीच्या क्लबात कुणाची तरी दांडगी रायफल चालवून पाहिली, तर पोरीचा खांदा काळानिळा पडला म्हणे. म्हणजे आधी कमी धक्क्याची रायफल हवी. या विषयात आमच्या अख्ख्या टुआटापेरे गावात माझा हात धरणारा नाही. चाळीस वर्षांचा अनुभव. (गेली नऊ वर्षं हरीण मिळालेलं नाही, पण हरणांचीच वागणूक बदलली आहे.)
संकल्प : आठ दिवसांत रायफल निवडायची.

४ फेब्रुवारी, मंगळवार
वही घेऊन बसलो. टू-टू-थ्री काडतुसाची रायफल : धक्का जवळजवळ नाही, पण ती सशाबिशाला ठीक. टू-फोर-थ्री : धक्का कमी आणि हरीणही पडतं. झालं! निर्णय पक्का. खाली दोन रेघा मारल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार
निर्णय रद्द. इंटरनेटवर एक जण लिहितो, नवख्याच्या हातात टू-फोर-थ्री दिली की हरीण जखमी होऊन पळतं. दुसरा लिहितो, मुळीच पळत नाही. दोघांचं भांडण सव्वीस पानं चाललंय. सगळी वाचली. रात्रीचं जेवण राहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
नायरीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. बाई सत्तरीची, पण गिऱ्हाइकाला अजून नातवासारखं दटावते. तिचा सल्ला : सेव्हन-एमएम-ओ-एट घे, पुढे सायलेन्सर लाव, काडतुसं मवाळ घे. आणि फार हलकी रायफल नको रे, हलकी असली की जास्त दणकते. पोरीला घेऊन ये, हाताचं माप घेते, त्या मापाचा, खांद्याला टेकायचा दस्ता बसवू.
मी म्हणालो, माप मला माहीत आहे, माझीच मुलगी आहे. शेवटची कधी पाहिलीस, असं नायरीनं विचारलं. नाताळात, म्हणालो. कुठल्या, म्हणाली.
दुकानात गर्दी फार होती. निघून आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
शेजारच्या केल्विनबरोबर नेमबाजीच्या मैदानावर. आपण आधी आपली जुनी, मोठी रायफल चालवून दाखवावी, म्हणजे फेनेलाला शिकवताना हात साफ राहील. पाच गोळ्या. दोन कागदावर, तिसरी बहुधा कागदावर.
सहाव्या वेळी केल्विननं हळूच रिकामं काडतूस भरलं. मी चाप ओढला. बार नाही. पण नळी वीतभर खाली गेली आणि माझे डोळे मिटलेले, हे चार जणांनी पाहिलं. केल्विन म्हणाला, अरे मर्डॉक, बार व्हायच्या आधीच घाबरतोस की! नऊ वर्षं झाली रे, डॉक्टरला नाही तर निदान कुणाला तरी सांग.
मी त्याला समजावलं की नळीचं वजन पुढच्या बाजूला जास्त आहे. पटलं असावं. म्हणून तर घरी येताना मटणाची पेस्ट्री त्यानंच घेऊन दिली.

१ मार्च, शनिवार
सेव्हन-एमएम-ओ-एट घेतली. हलकी. डोंगर चढायचाय, नायरीला काय जातंय सांगायला.
फेनेलाचा फोन. पुढच्या शनिवारी येते म्हणाली, रायफल बघू, मैदानावर जाऊ, नाही तर नुसते चीज रोल खात बसू. मी म्हणालो, इतक्यात नको, रायफल तयार नाही. ती म्हणाली, बाबा, कुठलीही चालेल रे, मला काय त्यातलं कळतंय, मी तुझ्याबरोबर यायचं म्हणून लायसन्स काढलं.
नवख्यांचं हे असंच असतं. म्हणे कुठलीही चालेल!

९ मार्च, रविवार
दस्ता घरीच कापला. माप : फेनेलाचा इथे राहिलेला रेनकोट. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत मोजली. रेनकोट शाळेतला आहे, पण हाडं कितीशी वाढतात? करवत जरा तिरकी गेली. रबराची गादी ठोकल्यावर दिसत नाही. समोरून.

२२ मार्च, शनिवार
फेनेलानं पुन्हा विचारलं, या शनिवार-रविवारी येऊ का. पुन्हा नको म्हणालो. रायफलवर दुर्बीण बसवायची बाकी होती. बरं म्हणाली. दोनदा म्हणाली.
रायफल एकटाच जाऊन तपासली. धक्का खरोखर नाही, लहान मूलसुद्धा चालवेल. तरी गोळ्या इकडेतिकडे. दुर्बीण हलवून मागे, डोळ्याकडे घेतली. गोळ्या तिकडेइकडे. यंत्रात खोट असणार. फेनेलाच्या हाती ठीक चालेल.

५ एप्रिल, शनिवार
शांतपणे लिहितो.
पहाटे फेनेला आणि मी वाइआऊ नदीच्या वरच्या अंगाला चढलो. ती माझ्यापेक्षा बोटभर उंच झाली आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटेत थर्मासमधला चहा अर्धा अर्धा प्यायलो. नर ओरडत होते. ती कुजबुजली, बाबा, अंगावर काटा आला बघ, आणि बाही वर करून खरंच दाखवला.
नऊच्या सुमाराला चढावर मोठा नर उभा राहिला, पूर्ण कूस आमच्याकडे. दस्ता तिला तोकडा पडत होता, डोळा दुर्बिणीला चिकटत होता. म्हणाली, बाबा, हे असंच असतं का. मी म्हणालो, असंच असतं.
तिनं बार काढला. नर गुडघ्यावर आला आणि पुन्हा उठला. धक्क्यानं दुर्बिणीची कड तिच्या भुवईत घुसली होती. रक्त डोळ्यात. तिनं रायफल माझ्या हातात दिली. म्हणाली, मला दिसत नाहीये, तू मार, लवकर मार, त्याला दुखतंय.
नव्वद पावलं. नर उभा होता. मी चाप ओढला.
तो झाडीत गेला. अंधार पडेपर्यंत शोधला. ती भुवईला रुमाल दाबून शोधत होती. परत चल म्हणालो तर म्हणाली, असं टाकून नाही जायचं.

६ एप्रिल, रविवार
दवाखान्यात सहा टाके. गाडीत फेनेलानं हळूच विचारलं, बाबा, तुझे डोळे मिटतात का. मी म्हणालो, छे, ऐन वेळी वारा आला. तिनं आरशात टाके पाहिले. मग म्हणाली, हो, असेल.
दुपारच्या बसनं गेली. थांबायची होती मंगळवारपर्यंत.

७ एप्रिल, सोमवार
केल्विनच्या कुत्र्याला नर सापडला, ओढ्यात. मांस वाया गेलेलं. गोळ्या दोन, अंगावर भोक एकच, पोटात. केल्विननं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात धुवायला पाण्यात उतरला.

१८ मे, रविवार
पर्थहून फेनेलाचा फोन. खोली चांगली आहे, समुद्र जवळ आहे, भुवईवर बारीक वण राहिलाय, पण केसांत लपतो. जेवलास का म्हणाली. जेवलो म्हणालो.  ती फोन ठेवत नव्हती. मला वाटतं ती वाट पाहत होती. मी विचारलं, तिकडे हवा कशी आहे. छान आहे म्हणाली, आणि ठेवते आता म्हणाली.
डोंगरात त्या दिवशी वारा नव्हता.