बाबांच्या गाडीचा गळका एसी

चाओचोऊ,
सहावा महिना, भर दुपारी, पंख्यासमोर बसून

परमपूज्य ज्येष्ठ बंधू त्सेंग कुओ-शुन यांच्या चरणी धाकटी बहीण पी-शिया हिचा नमस्कार. आपली प्रकृती, वहिनींची प्रकृती आणि कीलुंगचा पाऊस हे तिन्ही उत्तम असतील अशी आशा आहे. (चार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा आशेवरच भागवते. आणि हे 'आपली-बिपली' इथेच संपलं. एवढ्या उकाड्यात एवढा मान कोणाला झेपतोय?)

इकडे सगळं बरं आहे म्हणायचं. आईचे गुडघे गेले ते गेलेच, जीभ मात्र दिवसेंदिवस तरुण होते आहे. माझं न्याहारीचं दुकान चालू आहे. पहाटे उठून कांद्याच्या पोळ्या लाटायच्या आणि दुपारी स्वतःच तव्यावर पडल्यासारखं पडून राहायचं. बाबांना जाऊन वर्ष झालं. तू अंत्यविधीला आलास, मागच्या रांगेत उभा राहिलास आणि जेवणाआधी निघून गेलास. ते असो. गावची, ताईमालीची, आपल्या कुळाची अस्थिशाळा आता दुरुस्त होऊन उघडली आहे, तेव्हा पिंगतुंगच्या भाड्याच्या कप्प्यातून बाबांचा कलश तिकडे न्यायचा आहे. पुढचा महिना भुतांचा, त्यात असली कामं करत नाहीत, म्हणून मुहूर्त याच महिन्यात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत तापलेल्या दिवसांत, डोंगर ओलांडून, बाबांच्या त्या जुन्या राखाडी गाडीतून.

भाड्याची गाडी करू म्हटलं तर आई म्हणाली, "परक्या गाडीत त्यांना मळमळतं." मी म्हटलं, "अगं, कलशात कसली मळमळ?" तर म्हणे, "तुला काय कळणार? तुझं लग्न तरी झालंय का?"  आता त्या गाडीचा एसी तुला आठवतच असेल. (तू त्याला हेअर ड्रायर म्हणायचास.) गेल्या महिन्यात आईला तिच्यातून देवळात नेलं, तर अर्ध्या वाटेत तिने डोळे पांढरे केले आणि थेट सलाइनच लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले की पुन्हा हिला अशा भट्टीत बसवलंत तर जाताना एक कलश न्याल आणि येताना दुसऱ्याची सोय बघाल. (म्हणाले सभ्य शब्दांत, अर्थ हाच.) आई घरी राहायला तयार नाही. "त्यांना शेवटचं मी पोचवणार, मग मेले तरी चालेल," हे तिचं पालुपद. मला ते चालणार नाही. एका वर्षात एक पुरे.

म्हणून गाडी घेऊन थिएनलाय काकांकडे गेले. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, कालव्याकाठी पत्र्याचं गॅरेज, दुसरीकडे जायचं म्हणजे त्यांचं नाक कापल्यासारखं. त्यांनी नळी जोडली, गॅस भरला आणि म्हणाले, "जा, आता यात मासे ठेवलेस तरी टिकतील." खरंच गारेगार! मग जुनी खुर्ची पुढे ओढली, चहा ओतला, बाबांच्या गोष्टी सांगितल्या आणि मला अर्धा दिवस सोडलं नाही. आठवड्यात एसी पुन्हा गरम फुंकायला लागला. पुन्हा गेले, पुन्हा गॅस, पुन्हा चहा. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून सगळे ठेवतात तो हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊही मी एसीच्या जाळीसमोर ठेवला. मुदत नीट तपासून ठेवला. शिळ्या खाऊने यंत्र आणखी चेकाळतं हे मलाही कळतं. तर आईने तो सिग्नलला फोडून खाल्ला आणि वर म्हणाली, मऊ पडलाय. यंत्राने तरी शहाण्यासारखं का वागावं?

तिसऱ्यांदा गॅस उडाल्यावर मी मन घट्ट केलं आणि चोरासारखी पिंगतुंगच्या एका झगमगीत वर्कशॉपमध्ये गेले. हातमोजे घातलेली माणसं, बूट काढायचे की नाही कळेना अशी फरशी. त्यांनी एसीच्या नळ्यांत कसलासा रंग सोडला, निळा दिवा मारला, आणि पुढे खाली एका सांध्यापाशी हिरवं चमकलं. तिथली रबराची कडी झिजून गेली होती, माझ्या करंगळीत बसेल एवढीशी. त्यांनी कडी बदलली, नळ्यांतली हवा ओढून काढली, गळत नाही ना ते पाहिलं आणि मगच मोजून गॅस भरला. संध्याकाळी आईला एक फेरी मारून आणलं, तर तिने स्वेटर मागितला आणि घरी येईपर्यंत थंडीच्या नावाने कुरकुर केली. मी इतकी सुखी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्या लोकांनी मागच्या काचेवर आपल्या नावाचा ताटाएवढा स्टिकर लावला होता, आणि मी तो मिरवत कालव्यावरून घरी आले. दुसऱ्या दिवशी थिएनलाय काका दारात. बाबांच्या आजारपणातसुद्धा आईच्या धाकाने त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. (त्या नववर्षाच्या पत्त्यांच्या रात्रीपासून, बाबा सगळे पैसे हरून एका पायात चप्पल घालून परतले तेव्हापासून, आईने दोघांची भेट बंद केली होती, हे तुला माहीत आहेच.) टोपी हातात, चहाला नको म्हणाले. मी सतरा सबबी तयार ठेवल्या होत्या. त्यांनी काही विचारलंच नाही. खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आत रबराची कडी. नवीकोरी, पण पडून पडून कडक झालेली.

"बदलायचीच होती तर मला सांगायचंस, पोरी. मी केव्हाची आणून ठेवलीय."

माझं डोकंच फिरलं. आई मरता मरता वाचली होती! मी ओरडले, "मग घातली का नाहीत?"

"तुझा बाप घालू देईना. म्हणायचा, गळू दे लेका. दोस्ताकडे जायला बायकोची बंदी आहे, गाडी दुरुस्तीला नाही. गळायचं थांबलं तर मी इथे कशाच्या नावाने यायचं?" मग नजर खाली करून म्हणाले, "तो गेल्यावर मीच घालायला हवी होती. पण तूही तशीच यायला लागलीस, आणि त्याची खुर्ची रिकामी राहीना."

मला फार राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. नुसतं वाईट वाटत राहिलं.

आणि दादा, आता तुझ्या गाडीचं. चार वर्षांपूर्वी तू हौसेने पाठवलेली ती नवी गाडी बाबांनी जामाची फळं भरून परत पाठवली आणि तू ते मनाला लावून घेतलंस. काका सांगत होते, ती आली त्या दिवशी बाबा तीच घेऊन गॅरेजवर गेले होते. दोघांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं. बाबा म्हणाले, "यात काहीच गळत नाही रे." मग बाबांनी बॉनेट लावलं. "पोराने एवढी चांगली गाडी दिली, आणि मला ती का नको ते त्याला कोणत्या तोंडाने सांगू?" असं म्हणत होते म्हणे. नाहीच सांगितलं. आपल्या घरात कोणी काही सांगत नाही, नुसती फळं पाठवतात.

असो. पत्र लांबलं. गाडी आता उत्तम थंड आहे, आईची काळजी मिटली आहे, आणि तुझ्याकडे काहीही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. वहिनींना नमस्कार.

तुझी,
पी-शिया

ता. क. मुहूर्त पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळचा आहे. वाटेत पूल आणि बोगदे किती आहेत तुला ठाऊकच आहे, आणि प्रत्येकापाशी 'बाबा, पूल आला, चला' असं थोरल्या मुलाने सांगायचं असतं, नाहीतर ते मागेच राहतील. मी सांगेन. पण माझ्या हाकेला त्यांनी जिवंतपणी कधी ओ दिली नाही, आता काय देणार?

ता. क. दुसरा. पुडीची गोष्ट भीतभीत आईला सांगितली. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "गॅस भरायला अख्खी दुपार लागत नाही, एवढं मला कळत नाही होय? त्या थिएनलायला सांग, रविवारी मागे माझ्या शेजारी बस म्हणावं. पत्ते आणायचे नाहीत."

ता. क. तिसरा. काल निरोप द्यायला गाडी घेऊन काकांकडे गेले. एसी अगदी झकास चालू होता. तरी म्हटलं, काका, जरा गॅस बघता का? त्यांनी चष्मा लावला, वाकून खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "थोडा कमी वाटतोय. बस, चहा टाकतो."

ता. क. शेवटचा. पुढची सीट मोकळी ठेवली आहे. यायला निमित्त लागतं, ही आपल्या घराण्याची रीतच दिसते, म्हणून वहिनींना दाखवायला खालची ओळ वेगळी लिहिते आहे.

दादा, बाबांच्या गाडीचा एसी पार बिघडला आहे, मला एकटीला जमत नाही, ताबडतोब निघून ये.