दुसऱ्यांदा उघडलेलं दार

आई, काल माझं फिल्मचं काम पहिल्यांदा आपल्या इंदुरात प्रदर्शनात लागलं. भंवरकुआंजवळच्या एका हॉलमध्ये तीन भिंतींवर तू एकाच वेळी दार उघडतेस, हसतेस, कॅमेऱ्याकडे हात पुढे करतेस. दार मिटतं, तू पुन्हा उघडतेस. संध्याकाळपर्यंत हेच.

फिल्म शिकायला मुंबईला गेल्यावर वर्षभरानं मी घरी आले होते. बडा गणपतीजवळच्या आपल्या त्या दोन खोल्या. तू स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होतीस. घंटी ऐकून आलीस, दार उघडलंस आणि मला पाहून रडायलाच लागलीस. मी म्हणाले, "आई, थांब. कॅमेरा बॅगेतच राहिला. परत एकदा करू या."

"परत काय करायचं? भेटलो ना आपण."

"फिल्मसाठी गं."

तू पदरानं डोळे पुसलेस. "बरं. जा बाहेर, वाजव घंटी." मला वाटलं, तू दारामागेच उभी राहशील. पण तू आत जाऊन पुन्हा खाली बसलीस, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांवर पुन्हा उठलीस. उठतानाचं तुझं "हे राम" मला बाहेर ऐकू आलं. मी फोकस बघत होते. दार उघडलं तेव्हा तू हसत होतीस. "आली का माझी बाई," म्हणालीस, जशी काही आत्ताच भेटतेस.

त्या फिल्मवर माझं सगळं उभं राहिलं; परदेशातली बोलावणी, फेलोशिप, हे भिंतींवरचं काम. ती पुरी व्हायच्या आधीच तू गेलीस. इतकं सहज कसं टिपलंत, असं लोक विचारतात, आणि मी खुशाल उजेडाबद्दल, लेन्सबद्दल बोलत बसते.

काल कोचिंगला जाणारी एक मुलगी भिंतीपुढे बराच वेळ उभी होती. देपालपुरची, इथे हॉस्टेलवर राहते. जाताना म्हणाली, "मॅम, मेरी मम्मी भी ऐसे ही दरवाज़ा खोलती है. पर वो तो रो देती है."

माझी आईही रडली होती, एवढं तिला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हणून आज हे लिहायला बसले. कुणाला दाखवणार नाहीये. रडता रडता तू काहीतरी म्हणालीही होतीस, आई. मी बॅगेतून कॅमेरा काढत होते. मी ऐकलंच नाही.