कोटावर बसलेली पाखरं

सूनबाई,

फडताळात टांगलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीला हात लावू नकोस. पिठात होणाऱ्या पाखरांसाठी आणलेला तो कामगंध सापळा आहे. हा शब्द मला दुकानात तोंडाने मागता येईना, शेवटी कागदावर लिहून दाखवला. आतल्या गोळीला मादीचा वास असतो. नर धावत येतात आणि चिकट कागदावर अडकतात.

माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. गोळी उघड्या हाताने धरू नये, हे मात्र मागच्या बाजूला छापलं होतं. ते वाचेपर्यंत माझे हात कोटाला पुसून झाले होते. आता कोटावर नऊ नर बसलेत, झटकले तरी परत येतात. म्हणून चिरंजीवांचा राखाडी कोट घालून जातोय.

ग्रंथालयातल्या बाईंकडे चहाला चाललोय. त्यांना एक विचारायचं आहे. काय ते तू ओळखलं असशीलच. परवा तू म्हणालीस, "पुस्तक बदलायला जाताना एवढा भांग कोण पाडतं, बाबा?" तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं. दोन वर्षं धीर होत नव्हता. आज त्या पाखरांकडे बघून लाज वाटली. पेटीत मादी नाहीच, पण ती बिचारी पाखरं निदान घरातून निघाली तरी.

सहाच्या आत परतलो तर काही विचारू नकोस. सात वाजून गेले तर मात्र तुझ्या नवऱ्याला समोर बसव आणि हळूहळू सांगायला लाग. त्याला सांगणं मला जमणार नाही.

– बाबा