वहिनीचं दूध आणि माझं विज्ञान

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार. (खाटेवर मांडी घालून लिहिते आहे, त्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, पण भाव समजून घे.) तुझी तब्येत बरी असेल. शिवणक्लासातल्या मुली अजून बाह्या उलट्या जोडतात का? त्यांना फार बोलू नकोस. शिकवणाऱ्याने शांत राहावं, असं माझं हल्ली मत बनत चाललं आहे.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईची पाठ, बाबांचा खोकला आणि दादाची कुरिअरची गाडी नेहमीसारखीच कुरकुरतात. दादाचा मुलगा, म्हणजे तारखेच्या कितीतरी आधीच येऊन थडकलेला आमचा पाहुणा, अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. वहिनीला घरी सोडलं. ती दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसते, आणि सकाळ-संध्याकाळ घरी दूध काढून बाटलीत भरते, ते दादा ताजं ताजं नेऊन देतो. सिस्टर ते नळीने थेंबथेंब त्याच्या पोटात सोडतात. डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की आईचं दूध येईल तेवढं आणा, या बाळाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गोष्ट इथे थांबली असती, तर हे पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं.

पण घरात पदवीधर मी एकटीच. फ्यूज उडाला तरी मला बोलावतात, तर दूध म्हणजे माझाच विषय. (आमच्या शेवटच्या वर्षाला अँटिऑक्सिडंटवर अख्खं प्रकरण होतं.) मी सगळ्यांना बैठकीत बसवून समजावून सांगितलं. पाहुण्याची फुप्फुसं कच्ची, म्हणून त्याला ऑक्सिजन लावतात. पण जो ऑक्सिजन त्याला जगवतो, त्याच्यातूनच काही उपद्रवी कण तयार होतात आणि नाजूक पेशींना इजा करतात. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या अंगात त्यांना आवरायची तयारी असते, याची ती पुरती झालेलीच नाही. आईच्या दुधात ती तयारी, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, आयती मिळते. सोपं करून सांगावं म्हणून मी म्हटलं, लोखंडाला हवेने गंज चढतो ना, तसंच काहीसं.

इथे माझं चुकलं. बाबा जन्मभर लोखंडी गेटं रंगवत आलेले. ते एकदम खूश झाले. "म्हणजे दूध हा आतून मारायचा प्रायमर! मग असं सरळ बोल की, बाई." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत झालं, की यांच्या नातवाला गंज चढतोय. समोरच्या काकू डोळे पुसत भेटायला आल्या.

पण मी खचले नाही. मी आहार हातात घेतला. बीट, डाळिंब, जांभळा कोबी, जे जे रंगीत ते ते वहिनीच्या ताटात. वहिनीला एकटीला खायला संकोच नको म्हणून सगळ्यांच्याच ताटात. बाबा म्हणाले, "मला कशाला? मी दूध देणार आहे का?" शास्त्राला घरातूनच विरोध होतो तो असा.

पुढे मी वाचलं, की दुधावर उजेड पडला की त्यातले काही गुण उणावतात. झालं. वहिनीच्या खोलीला मी चादरी लावल्या, दिवा काढून घेतला. ती अंधारात बसायची आणि मी दाराबाहेरून तिला धीर द्यायचे: "वहिनी, ताण घेऊ नका बरं का, ताणाने दूध आटतं." (हे मी बऱ्याचदा सांगायचे. महत्त्वाची गोष्ट एकदा सांगून भागत नाही.) मधूनमधून किती झालं तेही विचारायचे. आतून वहिनीचा आवाज यायचा, "होतंय, वन्सं." पुढे पुढे नुसतंच "हं" यायला लागलं.

बाटलीला काळा कागद गुंडाळायचा होता. तो संपला, तेव्हा मी दादाचा काळा मोजा चढवला. (धुतलेला होता. आई उगाच वेगळं सांगेल.) दवाखान्याच्या फाटकावर वॉचमनने दादाला अडवलं. मोज्यात काय आहे? दूध. मोज्यात आणतात होय दूध? दादा म्हणाला, "बहीण ग्रॅज्युएट आहे हो." वॉचमनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आत सोडलं.

हे सगळं तुला हसू येईल म्हणून लिहिलं. आता हसू न येणारं लिहिते. दूध कमी झालं, आत्या. आधी बाटली अर्धी यायची, मग बूड झाकेल इतकं, आणि परवा वहिनी ओल्या डोळ्यांनी जवळजवळ कोरडी बाटली घेऊन बाहेर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर दुसरी सोय बघावी लागेल, पण त्याला आईचंच मिळालं तर फार बरं. मग त्यांनी विचारलं, घरात वहिनीला कसला ताण आहे का? आई, बाबा, दादा, तिघांनी माझ्याकडे बघितलं. मीसुद्धा मागे वळून बघितलं, माझ्या पाठीमागे कोण उभं आहे ते. भिंत होती.

मी पाहुण्याला काचेतून बघितलंय. त्याचा अख्खा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. त्याला मी उचलू शकत नाही, पाजू शकत नाही. मला येतं ते फक्त सांगणं, म्हणून मी सांगत सुटले. एवढं तरी तुला पटावं.

असो. काळजीचं काही कारण नाही. घरातलं वातावरण खेळीमेळीचं आहे. क्लासातल्या मुलींना आशीर्वाद. (माझ्याच वयाच्या आहेत, पण मी पदवीधर आहे.)

तुझी लाडकी भाची

ता. क. तुझा गुडघा दुखतोय का? दुखत नसेल तरी बाबांना तसा फोन करशील का? म्हणावं, पोरीला थोडे दिवस मदतीला पाठव. मला कुणी जा म्हणालेलं नाही. वहिनी तर शब्दानेही बोलणार नाही, म्हणूनच जायला हवं. पण आपण होऊन निघाले तर रुसून गेले असं होईल, आणि तिला त्याचाही ताण. तुझ्या गुडघ्याने सगळ्यांचीच अब्रू राहील.

ता. क. २. हे पत्र मी सकाळभर दार लावून लिहीत होते, घरात कुणाला हाकसुद्धा मारली नाही. आत्ता बाहेर डोकावले. वहिनी खिडकीत लख्ख उजेडात बसली आहे, दादा तिला कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवतोय, ती पोट धरून हसतेय, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे. उजेडाबद्दल माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

ता. क. ३. फोन करू नकोस, तेवढा वेळ नाही. तुझा गुडघा दुखतोय असं मीच घरी सांगितलंय आणि पिशवी भरली आहे. हे पत्र टपालात टाकत नाही, उद्या सकाळच्या गाडीने स्वतःच घेऊन येते. दार उघडलंस की आधी हे वाच, आणि मग लंगडायला लाग, कारण दादा मला सोडायला येतोय.